‘नीतिमत्त्व’ म्हणजे नक्की काय? बायबल नव्याने उघडणाऱ्यांसाठी, पायरी पायरीने

माझं दृढीकरण (मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करायचा चर्चमधला विधी) झालं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्याआधी काही महिने क्लास असायचा, नगर जिल्ह्यातलं आमचं छोटं गाव, चर्चच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायचो. एका शनिवारी प्रश्न आला, नीतिमत्त्व म्हणजे काय? मी ताडकन उठून सांगितलं, चांगलं वागणं. पाळकसाहेब म्हणाले शाब्बास, बस खाली. त्या शाब्बासकीवर मी पुढची जवळजवळ वीस वर्षं काढली आणि त्या वीस वर्षांत देवाचं नि माझं नातं म्हणजे शाळेचा हजेरीपट, आज प्रार्थना केली बरोबरची खूण, आज भावाशी भांडले फुली, आणि महिनाअखेर बेरीज केली की फुल्याच जास्त.

मग लग्न होऊन वसईला कॅथलिक घरात आले. तिथे सासूबाई याच विषयावर काहीतरी वेगळं बोलायच्या, माहेरी गेलं की बाबा तिसरंच बोलायचे, आणि दोघांनाही खात्री की दुसऱ्याला बायबल कळलेलं नाही. शेवटी मी स्वतःच वही-पेन्सिल घेऊन बसले. त्यातून जे हाती लागलं ते इथे पायऱ्या लावून लिहितेय. लग्नामुळे ख्रिस्ती घरात आलेले, मैत्रिणीबरोबर उपासनेला जायला लागलेले, नुसतं कुतूहल म्हणून वाचणारे, किंवा माझ्यासारखे जन्मापासून चर्चमध्ये असून हा शब्द आला की मान डोलावणारे, सगळ्यांसाठी. मी पाळक नाही, थिऑलॉजीची डिग्री नाही, त्यामुळे काही ठिकाणी तुम्हाला अजून खोलात जावंसं वाटेल, जरूर जा.

सुरू करण्याआधी काय काय लागेल

कागदपत्रं काही नाहीत. बाप्तिस्म्याचा दाखला नसेल तरी चालतं, हे समजून घ्यायला कुणी दाखला मागत नाही.

- एक मराठी बायबल, चर्चमध्ये साधारण वापरतात ते बायबल सोसायटीचं. मोबाईलवरचं चालेल, पण पहिल्या वेळी छापील घ्या कारण रेघा मारायच्या आहेत.
- जमलं तर दुसरं एखादं भाषांतर शेजारी ठेवायला. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ घरात असेल तर उत्तम, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आहे आणि भाषा सहज वाचत जावी अशी आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतरही आहे, ते पूर्ण स्वरूपात १९२४ साली म्हणजे त्या गेल्यावर दोन वर्षांनी छापून आलं. भाषा आता जुनी वाटते, पण साध्या बाईमाणसाला कळावं म्हणून केलेला तो खटाटोप आहे.
- पेन्सिल. पेन नको, मत बदलतं.
- एक माणूस, ज्याला तुम्ही मूर्ख प्रश्न विचारू शकता.

१. आधी शब्दाची गाठ सोडवा

आपली पहिली पंचाईत मराठीच करते. ‘नीतिमत्त्व’ म्हटलं की त्यातली ‘नीती’ आधी कानावर येते, नीती म्हटलं की शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवतो, खोटं बोलू नये, मोठ्यांचा मान राखावा. म्हणजे नीतिमान माणूस म्हणजे सज्जन, पापभीरू, शेजाऱ्यांना त्रास न देणारा. हा अर्थ चुकीचा नाही, पण अर्धा आहे, आणि अर्धाच धरला की सगळं पुढचं वाकडं जातं.

जुन्या करारातला हिब्रू शब्द आहे त्सेदेक किंवा त्सेदाका. त्याचा सूर नात्यातला आहे, ज्या नात्यात तुम्ही आहात त्या नात्याला जे देणं लागतं ते पुरं करणं. एक गोष्ट वाचा, बायबलमधल्या पहिल्या पुस्तकातली, उत्पत्ती ३८. यहूदाने आपल्या विधवा सुनेला, तामारला, द्यायचं ते दिलं नाही, मग तिने जे केलं ते आपल्या मूल्यशिक्षणाच्या पुस्तकात कुणी छापणार नाही, आणि शेवटी यहूदाच कबूल करतो की माझ्यापेक्षा ती नीतिमान. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आता वाटतं की हा अध्याय सगळ्यात आधी वाचायला द्यायला हवा, म्हणजे ‘नीतिमान म्हणजे सोज्वळ’ ही समजूत तिथेच गळून पडते.

नव्या करारातला ग्रीक शब्द दिकायोसुने. त्याच्यात कोर्टाचा वास आहे. त्याच धातूपासून आलेलं क्रियापद म्हणजे न्यायाधीशाने निकाल देणं, हा माणूस बरोबर आहे, याच्यावर ठपका नाही. मराठी बायबलात हे ‘नीतिमान ठरवणे’ असं येतं. म्हणून ‘देवापुढे नीतिमान’ असं वाचलं की मनात दोन चित्रं एकदम आणा, एक घरातलं, नातं सरळ झालेलं, आणि एक कोर्टातलं, निकाल बाजूने लागलेला.

२. नाम सोडा, क्रियापदाखाली रेघ मारा

ही युक्ती मला कुणी सांगितली नाही, पेन्सिल हातात असल्यामुळे सापडली, आणि माझ्यासाठी सगळं इथेच फिरलं. नव्या करारातलं रोमकरांस पत्र (पुढे नुसतं ‘रोम’), अध्याय ४ काढा. २५च ओव्या आहेत. जिथे जिथे नीतिमत्त्व शब्द येतो तिथे त्याच्या शेजारचं क्रियापद बघा. नीतिमत्त्व ‘कमावलं’ असं कुठे दिसत नाही. ‘गणलं’ असं दिसतं. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्याकडे नीतिमत्त्व असा गणला गेला, हे मूळ उत्पत्ती १५:६ (अध्याय १५, ओवी ६) मधलं वाक्य, आणि पौल, म्हणजे हे पत्र लिहिणारा प्रेषित, त्या एका वाक्याला धरून अख्खा अध्याय पिळून काढतो. मूळ ग्रीकमध्ये हे गणण्याचं क्रियापद या एका अध्यायात ११ वेळा आलंय.

आणि हे क्रियापद हिशोबाच्या वहीतलं आहे. चौथ्या ओवीत पौल मजुरीचं उदाहरण देतो, काम केलेल्याला पैसे मिळतात ते कुणी उपकार म्हणून देत नाही, ते त्याचं देणंच असतं. मग म्हणतो इथला हिशोब तसा नाही.

याचं सगळ्यात सोपं चित्र मात्र दुसऱ्याच पत्रात आहे, फिलेमोनाला लिहिलेल्या. अवघ्या २५ ओव्यांचं पत्र, चहा उकळेपर्यंत वाचून होतं. अनेसिम नावाचा गुलाम मालकापासून दुरावलेला, पौलाकडे आलेला, आणि पौल त्याला परत पाठवताना मालकाला लिहितो की त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, हे मी माझ्या हाताने लिहितोय. आमच्या गावात किराणा दुकानात हेच वाक्य रोज ऐकू यायचं. एखाद्या पोराकडे पैसे नसले की मागून कुणीतरी काका म्हणायचे, असू दे, माझ्या नावावर मांडा. पोराच्या खिशात तेव्हाही काही नसायचं. पण पिशवी हातात असायची आणि दुकानदार त्याला काही बोलू शकत नसे.

ख्रिस्ती विश्वासातलं म्हणणं थोडक्यात असं आहे की आपल्या नावावरचं देणं ख्रिस्ताने स्वतःच्या नावावर मांडून घेतलं, आणि त्याचं जे सरळपण ते आपल्या नावावर मांडलं गेलं. २ करिंथ ५:२१ वाचा, एकाच ओवीत दोन्ही बाजू आहेत. अदलाबदल.

इथे एक शंका यायलाच हवी, नाही आली तर परत वाचा. दोषी माणसाला निर्दोष ठरवणारा न्यायाधीश हा भ्रष्टच ना? नीतिसूत्रे १७:१५ मध्ये बायबल स्वतःच म्हणतं की दुष्टाला नीतिमान ठरवणारा परमेश्वराला वीट आणतो. आणि रोम ४:५ मध्ये देवच अधार्मिकाला नीतिमान ठरवतोय! मी हा प्रश्न वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता. पौलाला तो माहीत होता, म्हणून त्याने आधीच्या अध्यायात, रोम ३:२५-२६ मध्ये, वधस्तंभ मध्ये आणलाय, की देव स्वतः न्यायी राहून विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवतो. म्हणजे वहीतली ओळ खोडरबरने पुसलेली नाही, कुणीतरी ती भरली. हे कसं होतं याबद्दल ख्रिस्ती विचारवंतांमध्ये अनेक मांडण्या आहेत, नव्या माणसाने लगेच त्यात शिरू नये, पण ‘देवाने डोळेझाक केली’ असं तिथे लिहिलेलं नाही एवढं लक्षात ठेवा.

३. अब्राहामाच्या वयाचा हिशोब घाला

हे पाच मिनिटांचं काम आहे पण करा. उत्पत्ती १५ मध्ये विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला. १६ व्या अध्यायाच्या शेवटी मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) ८६ वर्षांचा. १७ व्या अध्यायात कराराची खूण म्हणून सुंता झाली तेव्हा ९९. म्हणजे निकाल आधी लागला आणि खूण कमीत कमी तेरा वर्षांनी आली. मोशेचं नियमशास्त्र तर पौलाच्या हिशोबाने ४३० वर्षांनी, गलती ३:१७. पौलाचा सगळा युक्तिवाद या तारखांवर उभा आहे, की बाबांनो, विधी आणि नियम नंतर आले, देवाने त्याला जवळ केलं ते आधीच.

४. ‘देवाचं नीतिमत्त्व’ मधला ‘चं’ तपासा

आईचा चहा म्हणजे काय? आईने केलेला चहा, आईसाठी ठेवलेला चहा, का आईला आवडतो तसा चहा? मराठीत तिन्ही होतं. ग्रीकमध्येही तसंच आहे आणि त्यावरून युरोपात इतिहास घडला.

रोम १:१७ मध्ये आहे की शुभवर्तमानात देवाचं नीतिमत्त्व प्रकट होतं. मार्टिन लूथर, जर्मनीतला विटेनबर्गचा संन्यासी आणि प्राध्यापक, त्याने १५४५ साली मागे वळून लिहिलंय की त्याला हा शब्दप्रयोगच नकोसा झाला होता. कारण त्याने ‘देवाचं’ म्हणजे देवाजवळ असलेलं, ज्या मापाने तो पाप्यांना मोजून शिक्षा करतो ते, असा अर्थ धरलेला. मग शुभवर्तमान शुभ कसलं, ही तर जप्तीची नोटीस. त्याच ओवीत पुढे हबक्कूक २:४ चं वाक्य आहे, नीतिमान विश्वासाने जगेल, त्यावर रात्रंदिवस घासून त्याला दिसलं की हे देवाकडून दिलं जाणारं नीतिमत्त्व आहे. आईने केलेला चहा, आपल्या हातात दिलेला. पौल फिलिप्पै ३:९ मध्ये तर साफच लिहितो, माझं स्वतःचं नियमशास्त्रातून आलेलं नव्हे, देवापासून मिळणारं.

आजच्या अभ्यासकांपैकी काहीजण म्हणतात की यात तिसरा अर्थही आहे, देव आपल्या वचनाला जागतो तो त्याचा खरेपणा. मला वाटतं तीनही एकमेकांना धरून आहेत. पण सुरुवात दुसऱ्यापासून करा, नाहीतर लूथरसारखी झोप उडेल.

५. लूक १८ मोठ्याने वाचा, आणि कुणाच्या बाजूने आहात ते बघा

९ ते १४ ओव्या. दोघेजण मंदिरात गेले, एक परूशी, एक जकातदार. आपण लहानपणापासून ऐकतो म्हणून परूशी दिसला की खलनायकाचं म्युझिक वाजतं. तसं करू नका. परूशी म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, त्या काळातला चांगला माणूस होता, आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश, आजच्या कुठल्याही मंडळीत तो कमिटीवर असता. जकातदार म्हणजे परक्या सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करणारा, वरचे पैसे खिशात घालणारा. तो दूर उभा राहून छाती बडवत एवढंच म्हणतो, देवा, मज पाप्यावर दया कर. आणि येशू म्हणतो हा दुसरा नीतिमान ठरून घरी गेला.

‘ठरून’. परत तेच क्रियापद. त्या संध्याकाळी त्याचं वागणं सुधारलं होतं का, पैसे परत केले का, गोष्टीत काही नाही. (पुढच्याच अध्यायात जक्कय आहे, तो परत करतो, चौपट. दोन्ही गोष्टी लागोपाठ वाचा.)

मी हे वाचून मनात म्हटलं, बरं झालं देवा, मी त्या परूशासारखी नाही. मग अर्ध्या मिनिटाने लक्षात आलं की मी काय म्हटलं ते.

६. मग चांगली कामं कशाला करायची?

हा प्रश्न प्रत्येक नवीन माणूस विचारतो आणि विचारायलाच पाहिजे, पौलालाही लोकांनी विचारला होता. रोम ६:१, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं काय? आणि उत्तर, मुळीच नाही.

मला हे सातबाऱ्यावरून कळलं. आजोबा गेल्यावर वारसाने बाबांचं नाव लागलं, त्यासाठी बाबांनी काही नांगरलं नव्हतं, ते मुलगा होते म्हणून लागलं. पण नाव लागल्यावर शेत तसंच पडीक ठेवलं असतं तर गावाने काय म्हटलं असतं? बाबा शेत करायचे ते नाव लागावं म्हणून नाही, लागलं होतं म्हणून. इफिस २:८ ते १० वाचा, आठवी-नववी ओवी म्हणते कृपेने, कर्मांनी नाही, आणि लगेच दहावी म्हणते चांगल्या कामांसाठी घडवलेले. लोक नववीवर थांबतात. दहावी पाठ करा.

आता याकोबाचं पत्र. याकोब २:२४ मध्ये लिहिलंय की माणूस कर्मांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही. नवीन माणूस इथे हमखास अडकतो कारण पौल तर उलट म्हणाला! तुम्ही एकटे नाही, लूथरनेच १५२२ साली या पत्राला गवताचं पत्र म्हटलं होतं, आणि त्याच वर्षी आपल्या जर्मन भाषांतरात रोम ३:२८ मध्ये ‘फक्त’ हा मूळ ग्रीकमध्ये नसलेला शब्द घातला. आणि गंमत बघा, ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी आहेत, याकोबात, आणि तिथे त्यांच्यापुढे ‘नाही’ आहे.

सोडवायचं कसं? दोघे अब्राहामाचंच उदाहरण देतात, पण पौल उत्पत्ती १५ काढतो, जेव्हा अब्राहाम नुसता ताऱ्यांकडे बघून विश्वास ठेवतो, आणि याकोब उत्पत्ती २२ काढतो, इसहाकाचा प्रसंग, कितीतरी वर्षांनंतरचा. याकोब ज्याच्याशी भांडतोय तो माणूस उपाशी भावाला ‘जा, सुखी राहा, पोटभर जेव’ म्हणून हात हलवत पाठवणारा आहे. पौल ज्याच्याशी भांडतोय तो आपल्या विधींची फाईल घेऊन देवाच्या टेबलावर आपटणारा. दोघांना एकच औषध कसं द्यायचं?

आणि ही कामं म्हणजे फक्त रविवारचा दशांश नव्हे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं २४:१०-१३ वाचा. गरिबाने कर्जापोटी अंगावरचं पांघरूण गहाण ठेवलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत कर, त्याला रात्री पांघरायला लागेल, आणि हे तुझं नीतिमत्त्व ठरेल. त्सेदाका. सोनं तारण ठेवून घेणाऱ्या माझ्या एका नातेवाईकांना मी ही ओवी वाचून दाखवली होती, त्यांनी विषय बदलला.

७. घरात दोन चर्चं असतील तर

आमच्या घरात हे रोजचं आहे म्हणून सांगते. भांडणाचा मुद्दा एका क्रियापदाचा आहे. प्रॉटेस्टंट परंपरा जोर देते ‘गणलं’ यावर, देवाने निकाल दिला, ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्या खात्यावर मांडलं, सुधारणा ही त्यानंतर आयुष्यभर चालणारी वेगळी गोष्ट. कॅथलिक परंपरा जोर देते ‘घडवलं’ यावर, देवाची कृपा माणसात ओतली जाते, बाप्तिस्म्यापासून, आणि माणूस आतून खरोखर नीतिमान होत जातो, निकाल आणि बदल हे वेगळे काढता येत नाहीत. ऑर्थोडॉक्स लोक तर कोर्टाच्या भाषेत फारसे रमतच नाहीत, ते देवाच्या जीवनात सहभागी होण्याबद्दल बोलतात.

माहेरचे म्हणतात कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात. हे मी वीस वर्षं खरं धरलं. मग कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेचा १५४७ चा ठराव वाचला, तो लूथरच्या लोकांविरुद्धच केलेला, आणि त्यातला पहिलाच नियम आहे की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या देवाच्या कृपेशिवाय माणूस आपल्या कर्मांनी नीतिमान ठरतो असं म्हणणारा बाहेर. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मग मी इतके दिवस काय सांगत होते? आणि सासरचे म्हणतात प्रॉटेस्टंटांना वागण्याशी देणंघेणं नाही, त्यांना मी रोम ६ दाखवते.

३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघाने यावर एकत्र सही केली, की नीतिमान ठरणं हे आपल्या लायकीवर नाही, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने, आणि पवित्र आत्मा मनं बदलतो व चांगल्या कामांसाठी बोलावतो. मेथॉडिस्ट २००६ मध्ये त्यात आले. सगळे मतभेद मिटले असं नाही, त्यात उरलेले मुद्देही मांडलेत. पण जेवणाच्या टेबलावर तोंड उघडण्याआधी दोघांनीही ते वाचावं.

८. हमखास पडण्याचे खड्डे

*पाप-पुण्याचा तराजू.* आपल्याकडे ही मांडणी हवेतच आहे, ख्रिस्ती घरातही. इतकं केलं, इतकं वजा, शिल्लक इतकी. त्या विचाराला त्याची स्वतःची खोली आहे आणि कुणाच्या श्रद्धेची थट्टा करायची गरज नाही, पण पौल जे म्हणतोय ते त्या तराजूत बसत नाही. दोन्ही मिसळलं की ना इकडचं कळतं ना तिकडचं.

*नीतिमान असाल तर भरभराट.* यावर मी जरा थांबणार आहे. बाबा आजारी होते तेव्हा एका प्रार्थनासभेतून आलेल्या बाईंनी आईला सांगितलं की घरात कुणाचं तरी नीतिमत्त्व कमी पडतंय, म्हणून बरं वाटत नाही. आई त्या रात्री जेवली नाही, घरातल्या प्रत्येकाच्या चुका आठवत बसली. ईयोब वाचा. पहिल्याच ओवीत तो सात्त्विक आणि सरळ म्हटलाय आणि मग सगळं जातं, मुलंसुद्धा. तीन मित्र येऊन पानंच्या पानं हेच सांगतात जे त्या बाईंनी सांगितलं, आणि ४२:७ मध्ये देव त्या मित्रांवर रागावतो. येशूनेही शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठराजणांबद्दल विचारलं, ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं काय? नाही. कुणी तुमच्या दवाखान्याच्या फाईलवरून तुमचं नीतिमत्त्व मोजायला लागलं तर चहा देऊन निरोप द्या.

*‘मला तसं वाटत नाही.’* निकाल लागला की नाही हे आरोपीच्या मूडवर ठरत नाही. रोम ८:१, ख्रिस्तात असलेल्यांना आता दंडाज्ञा नाही, हे ज्या दिवशी पटणार नाही त्या दिवशीही छापलेलं तेच असतं.

*बाप्तिस्मा झाला म्हणजे कळलंच.* पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि त्यांनी स्वतःच्या साक्षीत नंतर लिहिलंय की धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडायला पुढे काही वर्षं गेली. एवढ्या विदुषीला वेळ लागला, आपण तीन रविवारांत कसे उरकणार.

*दुसऱ्याला मोजणं.* पाचवी पायरी परत वाचा.

९. आता वाचायचं कसं

चार आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात उत्पत्ती १२ ते २२, कथा म्हणून, ओव्या पाठ करायच्या भानगडीत न पडता. दुसऱ्यात रोमकरांस १ ते ८, रोज दोनच अध्याय, उरलेल्या दिवशी चौथा परत. तिसऱ्या अध्यायापर्यंत फार अंधारं वाटेल, तसंच लिहिलंय ते, ३:२१ ला ‘परंतु आता’ येईपर्यंत सोडू नका. तिसऱ्या आठवड्यात लूक १५, १८, १९ आणि २३ व्या अध्यायातला वधस्तंभावरचा चोर, ज्याच्याकडे पुढे सुधारून दाखवायला एक दिवसही नव्हता. चौथ्यात याकोब, फिलेमोन आणि आमोस ५.

रोज वहीत तीनच गोष्टी लिहा, आज कुठलं क्रियापद दिसलं, काय पटलं नाही, कुणाला विचारायचं. ‘काय पटलं नाही’ चं पान रिकामं सोडू नका, माझं तेच पान सगळ्यात उपयोगी ठरलं.

आणि प्रश्न घेऊन पाळकांकडे किंवा फादरांकडे जाणार असाल तर रविवारी उपासना सुटल्यावर दारात गाठू नका, मागे हात मिळवणाऱ्यांची लाईन असते आणि त्यांना दुसऱ्या गावच्या उपासनेला पळायचं असतं, तुम्हाला ‘प्रार्थना करा’ एवढंच उत्तर मिळेल. आधी फोन करा, मधल्या वारी संध्याकाळी जा, बायबल आणि वही दोन्ही बरोबर न्या, आणि सुरुवात नीतिसूत्रे १७:१५ आणि रोम ४:५ वाल्या प्रश्नाने करा. मी केली तेव्हा फादर उठले, दोन खुर्च्या अंगणात काढल्या आणि म्हणाले, बसा, हे लांबेल.